मदत हवी आहे: भाच्याला केराटोकोनस, सी-थ्री-आर दिवाळीत करायचं की बारावीनंतर?

मारेगावचा मामा

नमस्कार मंडळी. भाचा 17 वर्षांचा, बारावी सायन्सला. गाव यवतमाळ जिल्ह्यात, मारेगाव तालुक्यात. मागच्या वर्षापासून चष्म्याचा नंबर सारखा बदलून राहिला, आणि दर वेळी वाढतो तो सिलिंडरच, म्हणजे डोळ्याच्या वाकडेपणाचा नंबर. परवा बसस्टँडवर हा मान तिरकी करून, उजवा डोळा मिटून गाडीची पाटी वाचत होता. विचारलं तर म्हणे, "मामा, उजव्या डोळ्यानं एका अक्षराखाली दुसरं अक्षर दिसते. रात्री गाडीचा लाइट तर फुटल्यावानी पसरते."

यवतमाळच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि नागपूरहून पेंटाकॅम, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या काचेचा स्कॅन, करून आणायला सांगितलं. उजवा डोळा: के-मॅक्स (काचेचा सगळ्यांत जास्त बाक) 54.2, सगळ्यांत पातळ जागा 452 मायक्रॉन, चष्मा लावून नजर 6/24 (चांगली नजर 6/6). डावा: 48.3, 486 मायक्रॉन, 6/9. निदान केराटोकोनस, म्हणजे ती काच पातळ होऊन पुढे फुगते तो आजार. उजव्याचं सी-थ्री-आर, म्हणजे थेंब टाकून किरणांनी काच कडक करायचा उपचार, लवकर करा म्हणाले.

भाऊजी म्हणतात, कापूस विकला की हाती पैसा येईल, तोवर पोराची परीक्षाही होईल, उन्हाळ्यात निवांत करू. घरची परिस्थिती मी पाहतो, त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. ताई वेगळ्याच काळजीत, डोळ्याची साल काढतात हे ऐकल्यापासून तिला झोप नाही. त्यात चष्म्याच्या दुकानात कोणी सांगितलं, लेसर करा, चष्माच जाईल.

पाचसहा महिने थांबलं तर काय बिघडते? हे केल्यावर दिसायला लागेल का? आणि लेन्स लावली तर शेतातल्या धुळीत निभेल का? जाणकारांनी, आणि ज्यांनी स्वतः केलं त्यांनी, कृपया सांगा.

नेत्रतपासनीस, वर्धा

मामा, रिपोर्टचे आकडे दिलेत हे फार बरं केलंत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या 452 मध्येच आहे.

बुबुळावरची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, या आजारात पातळ होते आणि पुढे शंकूसारखी फुगते. निरोगी डोळ्यात ती मध्यभागी साधारण 540 मायक्रॉन असते. सी-थ्री-आरमध्ये वरची नाजूक त्वचा बाजूला सारतात, ती अंदाजे 50 मायक्रॉनची. तुमच्या भाच्याच्या उजव्या डोळ्यात खाली उरतात 400 च्या आसपास. आणि 400 हीच नेहमीच्या पद्धतीची खालची मर्यादा आहे. त्याहून पातळ असेल तर अतिनील किरण आतल्या पेशींच्या थरापर्यंत पोचू शकतात, आणि त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. तेव्हा काच तात्पुरती जाड करणारं वेगळं द्रावण वापरावं लागतं, काम अवघड होतं. म्हणजे पोरगा आज बरोबर उंबरठ्यावर आहे. या वयात आजार वेगानं सरकतो. तिशी-चाळिशीत तो आपोआप मंदावतो, पण तोपर्यंत वाट पाहणं परवडत नाही.

दुसरं, आणि हे भाऊजींना आवर्जून सांगा: उन्हाळा हा यासाठी चांगला मोसम नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये धूळ, गरम वारा आणि डोळ्यांची ॲलर्जी उसळते. खाजऱ्या डोळ्यावर जखम भरून येणं कठीण. दिवाळीच्या सुटीत उजवा डोळा केला तर फेब्रुवारीपर्यंत दृष्टी बरीच स्थिरावलेली असेल. पहिले काही आठवडे अंधुक दिसतं, ते परीक्षेच्या तोंडावर नको. डावा डोळा 6/9 आहे, अभ्यास त्यावर चालेल. मात्र त्याचाही स्कॅन काही महिन्यांनी परत हवाच.

आता खरं ते सांगतो. सी-थ्री-आरनं दृष्टी परत येत नाही. राइबोफ्लेविनचे, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचे, थेंब टाकून वर अतिनील किरण देतात. त्यानं काचेतल्या कोलॅजनच्या धाग्यांमध्ये नवे बंध तयार होतात, काच कडक होते, फुगणं थांबतं. थांबवणं हाच हेतू. त्यानंतर नीट दिसायला लेन्स लागते. ताईंना सांगा, हा कालपरवाचा प्रयोग नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनला ही पद्धत उभी राहिली, 2003 मध्ये रुग्णांवरचे निष्कर्ष छापून आले, 2016 मध्ये अमेरिकेनंही मान्यता दिली.

लेसरनं चष्मा घालवायचं मात्र मनातूनच काढून टाका. लॅसिकमध्ये काच आणखी पातळ करतात. केराटोकोनसच्या डोळ्याला ते चालतच नाही.

एक विचारतो: पोरगा डोळे चोळतो का?

मारेगावचा मामा

चोळतो? दादा, लहानपणापासून. सोयाबीन मळणीला थ्रेशरजवळ उभा राहिला की दोन्ही मुठी डोळ्यांत. बोटाची उलटी पेरं आत दाबून गोल गोल फिरवते, डोळे लाल होतपर्यंत. मेडिकलमधून एक थेंबाची बाटली आणतात, ती टाकली की घडीभर थांबते.

नेत्रतपासनीस, वर्धा

मग आजपासून पहिलं काम तेच. आधीच कमजोर काचेवर असा दाब रोज पडत राहिला तर सी-थ्री-आर केल्यावरही आजार पुन्हा सरकू शकतो. खाज आली की डोळे मिटून वर गार पाण्याची घडी ठेवायची. झोपताना तोंड उशीत किंवा हातावर दाबून झोपायचं नाही. थ्रेशरजवळ बंद बाजूंचा गॉगल.

आणि ती बाटली डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून आणलेल्या अशा थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. लगेच बरं वाटतं, पण महिनोन् महिने टाकलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो, पोरांनासुद्धा. ॲलर्जीसाठी सुरक्षित थेंब आहेत, ते डॉक्टर लिहून देतील. घरात सख्खी भावंडं असतील तर त्यांचाही एकदा स्कॅन करा.

अकोटची माई

माझे दोन्ही डोळे झालेत, म्हणून ताईंसाठी लिहिते. सुई नसते. थेंबांनीच डोळा बधिर करतात. पडून वर निळसर उजेडाकडे पाहायचं, बस. त्या वेळी दुखत नाही. दुखतं ते घरी आल्यावर. पहिले दोनतीन दिवस वाळू गेल्यासारखं टोचतं, पाणी थांबत नाही, उजेड सहन होत नाही. खोलीला पडदे लावून ठेवा. डोळ्यावर पट्टीसारखी मऊ लेन्स ठेवतात, ती डॉक्टरच काढतात, आपण हात लावायचा नाही. ती निघेपर्यंत गावी नेऊ नका, नागपुरात कोणा नातेवाइकाकडे ठेवा. दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना. रात्र काढायची नाही.

लेन्सचं म्हणाल तर आधी मला लहान कडक लेन्स होती, आरजीपी. दिसायचं स्वच्छ, पण कापूस वेचताना एक कण आत गेला की जीव जायचा. आता स्क्लेरल लेन्स आहे. ती मोठी असते, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते, आत सलाइन भरून बसवायची. धूळ सहसा खाली जात नाही. महाग आहे, पण शेतातल्या माणसानं शक्य असेल तर तीच पाहावी. विहिरीचं, नळाचं, हंड्यातलं पाणी लेन्सला कधीच नाही लावायचं, त्यातल्या जंतूंनी डोळा जाऊ शकतो. थुंकी तर नाहीच नाही.

मारेगावचा मामा

माई, दादा, उपकार झाले. दोन्ही उत्तरं काल रात्री ताई आणि भाऊजींना वाचून दाखवली. 452 मधून 50 गेले तर किती उरतात हा हिशेब भाऊजींनी स्वतःच केला आणि म्हणाले, कापसाचं कापसाच्या जागी, आपण दिवाळीत करू. थोडा पैसा मी लावतो. महात्मा फुले योजनेत बसते का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारणार आहे. सेवाग्राम आणि सावंगीच्या नेत्रविभागातही चौकशी करतो, आम्हाला वर्धा नागपूरपेक्षा सोयीचं.

आता एवढंच सांगा: सी-थ्री-आरनंतर किती दिवसांनी स्क्लेरल लेन्सचं माप घेतात? आणि वर्धा-नागपूर भागात ती नीट बसवून देणारे कोणी माहीत आहेत का?

नेत्रतपासनीस, वर्धा

साधारण एक ते तीन महिन्यांनी, जखम पूर्ण भरली आणि काच थोडी स्थिरावली की. म्हणजे दिवाळीत केलं तर परीक्षेच्या आधी माप होऊ शकतं. कोण बसवतं ते तुम्हाला व्यक्तिगत निरोपात कळवतो. येताना पेंटाकॅमचा मूळ रंगीत कागद आणा, फोटो नको. सहा महिन्यांनी पुढचा स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर करा, म्हणजे तुलना खरी होते.