मदत हवी आहे : हॉटेलच्या कामगारांना ईएसआयसी लागतेच का? (तातडीचं)

शेगडी_भोसरी
नमस्कार मंडळी. ईएसआयसीचं (कामगारांच्या सरकारी विम्याच्या महामंडळाचं) पत्र आलंय, आठ दिवसांत उत्तर द्यायचंय, म्हणून घाईत लिहितोय. आमचं भोसरीकडे छोटं हॉटेल आहे. सकाळी मिसळ, दुपारी थाळी, संध्याकाळी चायनीज. माणसं नऊच. सगळ्यांचा ग्रुप मेडिक्लेम मी मागच्या वर्षी स्वतःच्या खिशातून काढलाय. तरी ईएसआयसी घ्यावी लागेल का? सीए म्हणतो लागत नाही, शेजारचा हॉटेलवाला म्हणतो लागते. हो की नाही एवढंच सांगा.

हिशेबनीस
एवढ्यावर हो-नाही सांगता येणार नाही. पत्रात नक्की काय लिहिलंय? माणसांची यादी मागितलीय की पैसे? नऊ आकडा कुठून आला, मस्टरवरून की डोक्यातून? पगार किती? हॉटेल कधीपासून चालू आहे? हे सांगा, मग बोलू.

सह्याद्रीचा_वारा
दुकानांना २० माणसांची अट आहे. तुम्हाला काही लागत नाही, निवांत झोपा.

हिशेबनीस
@सह्याद्रीचा_वारा, कृपया अर्धवट माहिती देऊ नका, माणूस अडचणीत येईल. ती अट काही राज्यांत दुकानांसाठी होती. हॉटेलात स्वयंपाक होतो. विकण्यासाठी पदार्थ तयार करणं ही कायद्याच्या भाषेत उत्पादन प्रक्रिया, म्हणजे ते स्वयंपाकघर कारखाना ठरतं. बॉम्बे आनंद भवन रेस्टॉरंटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली एलपीजीचा वापरसुद्धा 'पॉवर' धरला. हॉटेलवाले म्हणत होते, आम्ही मशीन चालवत नाही, नुसता गॅस पेटवतो. ते मान्य झालं नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर तर पॉवर असो वा नसो, १० माणसं असली की पुरे. त्यामुळे प्रश्न फक्त डोकी मोजण्याचा आहे.

शेगडी_भोसरी
मग झालं की, नऊच आहेत. शॉप अ‍ॅक्टच्या सूचनापत्रात पण नऊच लिहिलेत. पगार १२ ते १८ हजार, वस्तादाला २४. राहणं-खाणं आमच्याकडेच.

खानावळवाली_नाशिक
दादा, चायनीज कोण बनवतं? मिसळवाला वस्ताद मंच्युरियन करत नाही. आणि भांड्यांना कोण आहे?

शेगडी_भोसरी
चायनीज काउंटर कमिशनवर दिलाय, त्याची त्याची तीन पोरं आहेत, त्यांना पगार तोच देतो. भांड्यांना दोन मावश्या येतात, रोजच्या रोज पैसे. त्या कामगार थोड्याच, चार तास येऊन जातात.

खानावळवाली_नाशिक
झाले की चौदा. दादा, मीसुद्धा तीन वर्षं असंच मोजत होते. जो मस्टरवर तोच माणूस. तपासणीला आलेल्या बाईंनी मस्टर उघडलंच नाही, सरळ मोरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि मावशींना नाव विचारलं. रोजंदारी, अर्धवेळ, ठेकेदाराचा, तुमच्या जागेत तुमच्या धंद्याचं काम करणारा प्रत्येक जण धरतात. ठेकेदार पैसे भरत नसेल तर ते मूळ मालकाने आधी भरायचे आणि मग त्याच्याकडून वसूल करायचे. मागच्या काळाचा कामगारांचा वाटासुद्धा आपल्याच खिशातून जातो, आता पगारातून कापता येत नाही. मला ते फार जड गेलं.

सुरक्षाकवच_विमा
मी १५ वर्षं विम्याच्या क्षेत्रात आहे. ग्रुप पॉलिसी कधीही उत्तम. कॅशलेस, खासगी हॉस्पिटल, स्वतंत्र खोली. तुमच्या मुलांना सरकारी रांगेत का उभं करता? तुम्ही पॉलिसी चालू ठेवा आणि पत्राला उत्तर म्हणून तिची प्रत लावा.

हिशेबनीस
हे करू नका. पॉलिसी असली म्हणून कायद्यातून सूट मिळत नाही. सूट सरकार देतं, तीही अर्ज करून आणि क्वचित. पॉलिसी ठेवायची तर जास्तीची म्हणून ठेवा.

सुरक्षाकवच_विमा
कायदा आहे हे मान्य. पण मी दर्जाबद्दल बोलतोय. एका ओळखीच्या हॉटेलचा मुलगा ताप आला म्हणून दवाखान्यात गेला, दिवस मोडला, शेवटी खासगी डॉक्टरकडेच गेला. दवाखाना कुठला ते लिहीत नाही.

माजी_वेटर
मी आठ वर्षं वेटर होतो, आता रिक्षा चालवतो. माझं मत ऐका. रांग असते, खरं आहे. पण माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ईएसआयच्या कार्डावर झालं. ग्रुप पॉलिसीत मालकाने आईवडील घातले नव्हते, हप्ता वाढतो म्हणून. आणि पॉलिसी बिल देते, पगार देत नाही. आजारी पडलो तेव्हा घरी बसून ७० टक्के रोज मिळाला. कामावर अपघात झाला तर ९० टक्के. रोजावर जगणाऱ्या माणसाला खोलीपेक्षा हे मोठं असतं, साहेब.

अन्नसुरक्षा_मित्र
हॉटेलातल्या प्रत्येक खाद्यपदार्थ हाताळणाऱ्याची दरवर्षी वैद्यकीय तपासणी करून फिटनेस सर्टिफिकेट ठेवणं एफएसएसएआयच्या नियमांत बंधनकारक आहे. त्वचा, डोळे, लसीकरण सगळं बघतात. ते आधी करून घ्या.

हिशेबनीस
तो वेगळा विषय आहे हो. इथे विम्याचं चाललंय.

एडिसनची_पोळी
आम्ही न्यू जर्सीत रेस्टॉरंट चालवतो. इकडे ५० पूर्णवेळ माणसांपासून मालकावर विम्याची जबाबदारी येते, आठवड्याला ३० तास म्हणजे पूर्णवेळ. पार्टटाइमवाल्यांचे तास एकत्र करून त्यांचीही माणसं काढतात. म्हणून काही जण सगळ्यांना २९ तासच देतात. आम्हाला ते पटलं नाही. सगळ्यात मोठा धडा : मालक एकच असेल तर दोन रेस्टॉरंटं वेगळ्या कंपन्यांच्या नावावर असली तरी माणसं एकत्र मोजतात. तुमची दुसरी शाखा नाही ना?

शेगडी_भोसरी
चाकण रोडला एक आहे. पण ती मिसेसच्या नावावर आहे. तिथे सहा जण. हे विचारेल कोणी असं वाटलंच नव्हतं.

हिशेबनीस
दादा, एकेक माहिती अशी काढून घ्यावी लागतेय. दोन्हीकडचा माल एकाच ठिकाणाहून येतो का? माणसं इकडून तिकडे जातात का? गल्ल्याचा हिशेब एक आहे का?

शेगडी_भोसरी
तिन्हीचं उत्तर हो. तर्री इथूनच जाते.

हिशेबनीस
मग एकत्र धरण्याची तयारी ठेवा. आता रकमेचं बोलू, कारण खरी भीती तिथे आहे. मालकाचा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. जुलै २०१९ च्या आधी हेच ४.७५ आणि १.७५ होतं, त्यामुळे जुन्या हॉटेलवाल्यांकडून ऐकलेले आकडे धरू नका. १६ हजारांच्या माणसामागे तुमचे महिन्याला ५२० आणि त्याचे १२० रुपये. वस्ताद सोडून तेरा जणांचा पगार दोन लाखांच्या घरात धरला तर दोन्ही मिळून आठ हजारांच्या आसपास. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत चलन भरायचं, उशीर झाला तर १२ टक्के व्याज आणि वर दंड. २१ हजारांवरच्यांना लागू नाही, म्हणजे वस्ताद पैशांतून बाहेर. डोकी मोजताना मात्र तोही धरतात. पीएफचा आकडा २० आहे. दोन्हीकडचे मिळून वीस होतायत, तेही बघून घ्या.

सह्याद्रीचा_वारा
सगळ्यांचा पगार कागदावर २२ हजार दाखवा, फरक रोख परत घ्या. बरेच जण करतात.

खानावळवाली_नाशिक
हे लिहू नका हो इथे. उद्या पोराचं काही झालं तर त्याच्या हातात काय राहणार?

शेगडी_भोसरी
झालंय ताई. म्हणूनच एवढा घाबरलोय. गेल्या महिन्यात चायनीजच्या पोराच्या हातावर कढईतलं तेल सांडलं, कोपरापर्यंत. बिहारचा आहे, वय २०. माझ्या पॉलिसीत त्याचं नाव नव्हतं, तो माझा माणूस नाही म्हणून. बिल मी आणि काउंटरवाल्याने निम्मं निम्मं भरलं. पत्र त्यानंतर आलं. त्याच्याशी संबंध आहे की नाही माहीत नाही.

हिशेबनीस
हे पहिल्या ओळीत हवं होतं. आता माझं उत्तर बदलतं.

१ जुलै २०२५ पासून काही महिने स्प्री नावाची नोंदणीची सवलत योजना होती. त्यात नोंदणी केली तर नोंदणीच्या दिवसापासून, किंवा मालक सांगेल त्या तारखेपासून कायदा लागू धरत होते आणि मागचे पैसे मागत नव्हते. ते आठवून तुमचा सल्लागार लगेच सांगेल, आजची तारीख टाका आणि मोकळे व्हा. पण मागच्या काळाची वर्गणी नाही तसा मागच्या काळाचा लाभही नाही. म्हणजे आजची तारीख टाकली की तो मुलगा बाहेर राहिला. तेव्हा तारीख कुठली टाकायची हे त्याचा हात डोळ्यांपुढे ठेवून ठरवा. आधी पत्र घेऊन चांगल्या लेबर कन्सल्टंटकडे जा. तशी सवलत आता आहे का, आणि पत्र आधीच आलेलं असताना ती तुम्हाला लागू होते का, हे त्याच्याकडून लेखी घ्या. पत्र नुसती माहिती मागणारं असेल तर वेळ आहे. सी-१८ असेल तर पैशांची मागणी आहे, मग सुनावणीची तारीख चुकवू नका. गैरहजर राहिलात तर मागच्या पाच वर्षांपर्यंतची रक्कम अंदाजाने ठरवून आदेश काढता येतो.

ईएसआय नसेल तर नुकसानभरपाईच्या कायद्याने उपचाराचा खराखुरा खर्च आणि भरपाई मालकावर येते. नोंदणी झालेल्या माणसाच्या बाबतीत तीच जबाबदारी महामंडळ उचलतं. तुमच्या पॉलिसीने ते झालं नसतं.

माजी_वेटर
मुलगा आत्ता कुठे आहे? पगार चालू आहे का?

शेगडी_भोसरी
आमच्याच खोलीवर आहे. पगार काउंटरवाल्याने बंद केलाय, जेवण आमच्याकडे.

माजी_वेटर
पगार चालू करा दादा. काउंटरवाला देत नसेल तर तुम्ही द्या, त्याच्या कमिशनमधून वळते करा. बोटं आखडू नयेत म्हणून व्यायाम करून घ्यावा लागतो, तो चालू आहे का विचारा. स्वयंपाकाच्या माणसाचा हात आहे तो.

सुरक्षाकवच_विमा
हे वाचून वाईट वाटलं. ठेक्यावरची मुलं पॉलिसीत घालायला मीही कधी कुणाला सांगितलं नाही. आजपासून विचारेन.

शेगडी_भोसरी
आज कन्सल्टंटकडे जाऊन आलो. पत्र माहितीचंच आहे. दोन्हीकडची माणसं मोजली तर मावश्या धरून वीस झाली. पोराचा पगार चालू केलाय. तारखेचं अजून ठरलं नाही, मिसेस म्हणते तो कामाला लागला तीच तारीख टाका. पण एक अडचण आहे. त्याच्या आधारला गावाकडचा नंबर आहे, तो बंद पडलाय, ओटीपी येत नाही. नोंदणी कशी करायची?

खानावळवाली_नाशिक
आधार केंद्रावर जाऊन नवा नंबर जोडून घ्या, त्याला स्वतः जावं लागेल, बोटाचे ठसे घेतात. कुठला हात भाजलाय?

शेगडी_भोसरी
उजवा.

खानावळवाली_नाशिक
डाव्या हाताचे चालतात. मी माझ्या एका पोराचं असंच केलंय. उद्या सकाळी गर्दीच्या आधी घेऊन जा, तुम्ही सोबत थांबा.