दोन मॉनिटरवर स्लाइडचा अहवाल तपासताना कोणती फाइल कुठे ठेवावी?

दादरकर यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या विभागाचा सुमारे ७० स्लाइडचा तिमाही अहवाल तपासून आणि दुरुस्त करून वरिष्ठांकडे पाठवणे हे माझे काम आहे. अहवाल चार सहकारी मिळून पॉवरपॉइंटमध्ये तयार करतात, आकडे एक्सेलमधून येतात आणि मागील तिमाहीशी त्यांचा मेळ बसतो की नाही, हे मला पाहावे लागते. इतके दिवस हे सारे १४ इंची लॅपटॉपवर चालत असे. गेल्या महिन्यात लॅमिंग्टन रोडवरून २४ इंची मॉनिटर आणला आणि आता काम सुकर होईल असे वाटले, पण पहिल्याच अहवालात निराळा घोळ झाला.

लॅपटॉपवर मागील तिमाहीचा अहवाल आणि मोठ्या मॉनिटरवर नवा, असे दोन्ही उघडून मी स्लाइडमागून स्लाइड ताडून पाहत होते. नव्या अहवालातील २३ क्रमांकाची स्लाइड रद्द करायची होती. ती समोर दिसत असताना मी डिलीटची कळ दाबली, सवयीने लगेच सेव्ह केले आणि फोन आल्यामुळे उठले. दोन दिवसांनी कळले की स्लाइड जुन्या फाइलमधून गेली होती आणि नव्या अहवालातली रद्द स्लाइड जशीच्या तशी वरिष्ठांपर्यंत पोहोचली होती. पाहत होते एकीकडे आणि कळ लागली दुसरीकडे, असे का व्हावे? दोन पडद्यांवर अशा कामाची मांडणी आपण कशी करता?

हिशेबनीस यांचे उत्तर

आपल्या हातून झालेली चूक निष्काळजीपणाची नाही, हे आधी सांगतो. विंडोज १० पासून माउसचे चाक फिरवले की ज्या विंडोवर बाण असेल ती विंडो सरकते, मग ती त्या क्षणी चालू असो वा नसो. कळफलक मात्र शेवटचे क्लिक जिथे झाले, त्याच विंडोचे ऐकतो. आपण जुन्या अहवालात डावीकडच्या छोट्या चित्रांमधून २३वी स्लाइड क्लिक करून निवडली असणार, त्यानंतर बाण मोठ्या मॉनिटरवर नेऊन नुसत्या चाकाने नवा अहवाल २३पर्यंत आणला असणार. डोळे नव्या फाइलवर होते, पण निवड जुन्या फाइलमध्येच राहिली होती. चाकाची ही सवय विंडोजच्या सेटिंगमधून बंद करता येते, परंतु ताडून पाहण्याच्या कामात ती इतकी सोयीची आहे की मी ती बंद करणार नाही.

त्यापेक्षा माझा एक नियम आहे आणि तो मी कोणासाठीही मोडत नाही: दोनपैकी एका पडद्यावर असे काहीही उघडायचे नाही, ज्यात बदल करता येतो. मागील तिमाहीचा अहवाल मी पीडीएफ करूनच दुसऱ्या पडद्यावर ठेवतो आणि एक्सेलची फाइल उघडावीच लागली तर ‘केवळ वाचनासाठी’ या पर्यायाने उघडतो. एकाच नावाच्या, शेवटी केवळ तिमाहीचा आकडा बदललेल्या दोन फाइली एकाच रंगरूपात समोरासमोर ठेवणे म्हणजे जुळ्या भावंडांना एकसारखे कपडे घालून मग हाका मारण्यासारखे आहे.

ज्या पडद्यावर दुरुस्ती करायची तो अगदी समोर असावा आणि संदर्भाचा पडदा बाजूला, किंचित आपल्याकडे वळवलेला असावा. दोन्ही मध्यभागापासून सारख्या अंतरावर ठेवले तर दिवसभर मान एका बाजूला वळलेली राहते.

माहीमची वाचक यांचे उत्तर

हिशेबनीस यांच्याशी मी सहमत आहे, पण अहवालातील बहुतेक विसंगती मागील तिमाहीशी नसतात, त्याच फाइलच्या पोटात असतात, असा माझा अनुभव आहे. तिसऱ्या स्लाइडवरील सारांशात एकूण खर्च ४८.२ कोटी असतो आणि ४१व्या स्लाइडवरील तक्त्याची बेरीज ४७.९ कोटी येते, कारण तक्ता नंतर बदलला आणि सारांशाकडे कोणी वळून पाहिले नाही. यासाठी पॉवरपॉइंटच्या ‘व्ह्यू’ मेनूमधील ‘न्यू विंडो’ वापरून पाहा. तीच फाइल दुसऱ्या विंडोत उघडते, ही प्रत नसल्यामुळे एकीकडे केलेला बदल दुसरीकडे लगेच दिसतो, आणि चुकीच्या फाइलमध्ये लिहिण्याची भीतीही राहत नाही. विंडोजची कळ आणि शिफ्ट दाबून धरून बाणाची कळ दाबली की ती विंडो दुसऱ्या मॉनिटरवर जाते. मी सारांशाची स्लाइड बाजूच्या पडद्यावर स्थिर ठेवते आणि त्यातील एकेक आकडा घेऊन समोरच्या विंडोत त्याचा मूळ तक्ता गाठते. पहिल्या स्लाइडपासून शेवटच्यापर्यंत सरळ वाचत जाण्यापेक्षा हे संथ आहे, पण ताळा खरोखर लागतो तो असाच.

जाता जाता एक: सहकाऱ्याच्या संगणकावर प्रदेश म्हणून भारत निवडलेला नसेल तर एक्सेल १२,३४,५६७ ऐवजी १,२३४,५६७ असा स्वल्पविराम टाकते आणि त्याने तिथून चिकटवलेला तक्ता अहवालात तसाच येतो. दोन पडद्यांवर शेजारी शेजारी पाहिल्याशिवाय हा फरक सहसा डोळ्यांत भरत नाही.

जुना छापखानावाला यांचे उत्तर

मी जरा विरोधी सूर लावतो. मोठ्या मॉनिटरमुळे चुका सापडतात हे खरे, पण त्याच मॉनिटरमुळे एक चूक लपतेही. पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड १३.३३ इंच, म्हणजे सुमारे ३४ सेंटीमीटर रुंद असते. २४ इंची मॉनिटरची रुंदी सुमारे ५३ सेंटीमीटर असल्यामुळे पूर्ण पडदाभर उघडलेली स्लाइड मूळच्या दीडपटीहून मोठी दिसते आणि १० पॉइंटची तळटीप १५-१६ पॉइंटची असल्यासारखी सुखाने वाचता येते. तीच स्लाइड आडव्या ए-फोर कागदावर छापली की कागदच २९.७ सेंटीमीटरचा, त्यातून समास वजा जातात, आणि ती तळटीप ९ पॉइंटच्याही खाली उतरते. वरिष्ठ मंडळी अहवाल छापील वाचणारी असतील तर चष्मा कपाळावर सरकवून ‘हे काय लिहिले आहे?’ असे विचारतील.

गंमत अशी की आपल्या १४ इंची लॅपटॉपचा पडदा साधारण ३१ सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे जवळजवळ ए-फोर कागदाएवढाच. म्हणून ताडून पाहणे आणि दुरुस्ती मोठ्या मॉनिटरवर करावी, पण शेवटचे वाचन लॅपटॉपवर पूर्ण पडदाभर, एकही कळ न दाबता, केवळ पाने उलटत करावे. त्या वेळी मोठा मॉनिटर मी बंद करून ठेवतो. जे लॅपटॉपवर वाचता आले नाही, ते कागदावरही वाचता येणार नाही.

दादरकर

सर्वांचे मनापासून आभार. हिशेबनीस यांनी वर्णन केले, तसेच अगदी घडले होते. आज मुद्दाम दोन रिकाम्या फाइली उघडून करून पाहिले आणि स्लाइड पुन्हा चुकीच्या फाइलमधूनच गेली. जुना अहवाल आता पीडीएफ स्वरूपात लॅपटॉपवर आहे. मात्र सारांशाची दुसरी विंडोही लॅपटॉपवरच ठेवली तर पीडीएफ झाकली जाते. तिसऱ्या मॉनिटरला माझ्या टेबलावर जागा नाही.

माहीमची वाचक

दोन्ही एकाच वेळी लागत नाहीत, ताई. पहिल्या फेरीत केवळ मागील तिमाहीशी मेळ घाला आणि ती संपली की पीडीएफ बंद करून ‘न्यू विंडो’ उघडा. मी या दोन फेऱ्यांच्या मध्ये जेवणाची सुट्टी घेते.