पहाटे गाडी उचलत नसेल तर आधी हवा काढा

एका दादांनी लिहिलंय, ऊस वाहायचा जुना डिझेल ट्रक पहाटे स्टार्टच होत नाही, म्हणून त्याच्या दोन्ही बॅटऱ्या बदलतोय. जरा थांबा! स्टार्टर जोरात फिरतोय ना? मग बहुतेक डिझेल लाइनमध्ये हवा धरली असेल. डिझेल फिल्टरवरचा एअर स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल करून डिझेल लाइनवरचा छोटा हातपंप मारा. फेस थांबून सलग धार आली, की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, तर हवा कुठून तरी आत शिरतेय; डिझेल लाइनच्या जोडांवरचे तांब्याचे वायसर बदला, फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) व्हॉल्व्ह बघा. स्टार्टर कण्हत असेल तर मात्र बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी पूड गरम पाण्याने धुवा, चेसिसची अर्थिंग (बॅटरीची वायर चेसिसला जोडलेली जागा) घासून घट्ट करा. आणि सोलापूरच्या थंडीत डिझेल गोठत नाही. टाकीखाली जाळ करायला सांगणाऱ्यांचं कृपा करून ऐकू नका.