मदत हवी आहे: सिव्हिल डिप्लोमानंतर बांधकाम आणि जमिनीचं मूल्यांकन, दोन्हीकडे जाता येईल अशी पदवी कोणती?

नमस्कार मंडळी. मी कारंजा तालुक्यातल्या (जि. वाशीम) एका खेड्यातली. सिव्हिलचा डिप्लोमा करून सध्या एका ठेकेदाराकडे साइटवर आहे. घरकुलं, नाल्या, सिमेंट रोड, कधी शाळेची खोली. सळई तपासणं, एमबीसाठी (कामाच्या मापांची नोंदवही) मापं घेणं, बिल बनवणं हे मी करते आणि मनापासून आवडतं. पण पुढं शिकायचं आहे, आणि काय शिकायचं यावर घरात एकमत होत नाहीये.

गावात लोक मला दोन तऱ्हेचे प्रश्न विचारतात. एक, भिंतीला तडे का गेले? याचं उत्तर मला येतं. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पायवा वरच्या थरातच थांबवला की घर मातीसोबत हलतं. मुरूम लागेपर्यंत खोल जायचं, नाहीतर अंडर-रीम्ड पाइल घ्यायची, म्हणजे खालच्या टोकाला फुगवटा असलेला खांब, जो हलत्या थराच्या खाली जाऊन घट्ट बसतो. रूडकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेनं अशाच मातीसाठी यावर काम केलं. घरकुलाच्या अनुदानात पाइल बसवणं अवघड आहे. म्हणून प्लिंथ बीम (जोत्यावरची आडवी तुळई) नीट घ्या, घराभोवती पाणी मुरू देऊ नका, एवढं तरी मी मागं लागून करून घेते.

दुसरा प्रश्न जमिनीचा, आणि तिथं मी अडते. समृद्धी महामार्ग आमच्या भागातून गेल्यापासून तर हे फार वाढलं. "हा प्लॉट घेऊ का, भाव बरोबर आहे का?" सातबाऱ्यावर अजून वावरच आहे, एनएचा (बिगरशेती परवानगीचा) पत्ता नाही, आणि चुन्याच्या रेघा मारून प्लॉट विकले जातात. कोणाची जमीन संपादनात जाते, कागदावर विहिरीचे, संत्र्याच्या झाडांचे, गोठ्याचे वेगवेगळे आकडे असतात. ते कुठून आले हे समजावून सांगणारं आमच्या गावात कोणी नाही. मला ते काम करायचं आहे.

इंग्लंडमध्ये यासाठी सरळ पदव्याच आहेत, क्वांटिटी सर्व्हेइंग (बांधकामाची मापं आणि खर्च काढणं), रिअल इस्टेट वगैरे. त्या व्यवसायाची लंडनमधली संस्था, आरआयसीएस, १८६८ सालची आहे. आपल्याकडे नेमकं काय घ्यावं?

मामा पुण्यात असतात. ते म्हणतात रिअल इस्टेटचा तीन वर्षांचा बीबीए कर, त्यांच्याकडे राहून. दादा म्हणतो नोकरी सोडू नको, घरबसल्या पदवी घे. माझा स्वतःचा कल थेट दुसऱ्या वर्षाला बीई सिव्हिलकडे आहे, अमरावतीत मिळालं तर उत्तमच. पण त्यात जमिनीचा भाग कितपत शिकवतात? आणि बाबांची कोरडवाहू तीन एकर, सोयाबीन-तूर. फी आणि माझा थांबलेला पगार, दोन्ही एकदम झेपायला हवं. या क्षेत्रात असलेल्यांनी, विशेषतः मुलींनी, कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, तुझा कल बरोबर आहे. बीई सिव्हिलच घे, आणि कारण पक्कं आहे. कंपनी कायद्याखालच्या २०१७ च्या मूल्यांकक नियमांप्रमाणे 'लँड अँड बिल्डिंग' गटात नोंदणीकृत मूल्यांकक व्हायचं तर पदवी सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा टाउन प्लॅनिंगची लागते. त्यानंतर ५ वर्षांचा अनुभव, ५० तासांचा अभ्यासक्रम आणि आयबीबीआयची (मूल्यांककांची नोंदणी करणारं केंद्राचं मंडळ) परीक्षा. अनुभव पदवीनंतरचा धरतात, म्हणून आता साइटवर अजून वर्षं घालवून त्या बाजूनं काही हाती लागत नाही. बीबीए करून विक्रीत, बँकेत काम मिळेल, पण या नोंदणीची वाट बंद होते. पुढं मूल्यांकनाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेतलीस तर अनुभवाची अट ३ वर्षांवर येते. गुजरातेत वल्लभ विद्यानगरला ती शिकवतात.

दादाला सांग, घरबसल्या बीई होत नाही. दूरशिक्षणानं इंजिनीअरिंगच्या पदवीला मान्यताच नाही.

फीचं आधी बघ. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅप (सरकारी केंद्रीय प्रवेश) फेरीतूनच हवा. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव, जुलैत सेतूवर झुंबड असते. बाबा अल्पभूधारक आहेत, तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ताही बघ, त्यातून राहण्याचा खर्च निघायला मदत होते.

जमिनीचा भाग बीईत थोडाच असतो: इस्टिमेटिंग, कॉस्टिंग, व्हॅल्युएशन, कॉन्ट्रॅक्ट. सातबारा, फेरफार, वर्ग-२ च्या (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या) जमिनी हे तलाठ्याकडे बसूनच कळतं. गाव नमुना ८अ आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ यांत गल्लत करू नको. पहिला खातेदाराच्या जमिनीचा, दुसरा घराच्या कर आकारणीचा. गावठाणात स्वामित्व योजनेतून ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रकं मागून वाच. आणि २०१३ चा भूसंपादन कायदा वाचायला घे. कलम २९ मध्ये इमारती-झाडांची किंमत ठरवायला जाणकारांची मदत घ्यायची तरतूद आहे, कलम ३० मध्ये १०० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे भरपाईवर तेवढीच जादा. तुझ्या गावातल्या कागदावरचे आकडे तिथून उलगडायला लागतील.

मूळ लेखिका

काकाजी, खूप आभार. पदवीनंतरचाच अनुभव धरतात हे घरी दाखवलं, दादा ऐकायला तयार झाला. आता एकच विचारते. थेट दुसऱ्या वर्षाला एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) असतं, आमचं डिप्लोमाचं गणित तेवढं खोल नव्हतं. कॉलेज सुरू व्हायच्या आधी कुठले भाग पक्के करू?

प्रतिसाद १

इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन. बाकीचं त्यावरच उभं असतं. रोज संध्याकाळी साइटवरून आल्यावर तासभर बस, आणि अडलं की इथंच लिही.