प्रति: गुलदार बुडवण्याबद्दल

नौदलाचं निवृत्त जहाज गुलदार सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ समुद्रात बुडवून माशांना आसरा, म्हणजे कृत्रिम प्रवाळ, करायच्या योजनेबद्दल ही चर्चा. जहाज नुसतं धुऊन, तेल उपसून बुडवलं की झालं, मासे आपोआप येतात, असं वर दोघांनी लिहिलंय. मासे येतात हे खरंच. पण निवती रॉकजवळच्या गुलदारबद्दल बोलताना अमेरिकेच्या ओरिस्कानीचं काय झालं तेही बघा. ही विमानवाहू नौका मे 2006 मध्ये फ्लोरिडाच्या पेन्साकोलाजवळ कृत्रिम प्रवाळासाठी मुद्दाम बुडवली. तेल, अ‍ॅस्बेस्टॉस वगैरे आधी बरंचसं काढलं होतं. राहिलं ते विजेच्या केबलच्या वेष्टणातलं पीसीबी (पूर्वी वीज-सामानात वापरलं जाणारं विषारी रसायन), अंदाजे सव्वातीनशे किलो. भिंतींच्या आत मैलोन् मैल गेलेल्या केबली उपसायच्या म्हणजे अर्धं जहाजच फोडावं लागतं, म्हणून रीतसर परवानगी घेऊन ते तसंच ठेवलं. पुढे तिथल्या रेड स्नॅपरमध्ये (आपल्या तांबोशीचा भाऊबंद) पीसीबी सापडलं. हे रसायन चरबीत साठतं, लवकर विघटत नाही.

गुलदार त्या मानाने चिमुकलं, पण 1985 चं, पोलंडमध्ये बांधलेलं. केबली आणि जुना रंग तपासल्याचा अहवाल कुणी पाहिलाय का? असेल तर इथे टाका. आणि तिथल्या माशांची तपासणी दरवर्षी कोण करणार, हेही मच्छीमार सोसायट्यांनी आत्ताच लेखी विचारावं.