२१४७४८३६४७ मूळ संख्या आहे हा योगायोग का?

कोडमधे इन्टची (३२ बिटमधे साठवलेल्या पूर्णांकाची) मॅक्स व्हॅल्यू म्हणून हा आकडा रोज बघतो, आज कळलं की ही मूळ संख्या पण आहे. मुद्दाम निवडलाय का? आणि कॉम्प्युटर नसताना कोणी तपासलं असेल?

बिटकरी: योगायोगच हो. २^३१ वजा १ आहे तो, ३२ पैकी एक बिट चिन्हाला जातो. ६४ बिटवाला मॅक्स घ्या, त्याला सरळ ७ ने भाग जातो.

पाढेवाला: गणितज्ञ ऑयलरने १७७२ मधे सिद्ध केलंय. घात मूळ असला की झालं असं नाही हां, २^११ वजा १ म्हणजे २०४७, तो २३ गुणिले ८९ निघतो. पण बघा, २३ नि ८९ दोन्ही २२ च्या (११ ची दुप्पट) पाढ्यात एक मिळवून येतात, तसंच इथे मूळ भाजक असलाच तर ६२ च्या (३१ ची दुप्पट) पाढ्यात एक मिळवूनच येणार, म्हणजे ६३, १२५, १८७, २४९ बाद, पहिला उमेदवार थेट ३११! वर्गमूळ ४६३४१ च्या आतच, पुढे जायला नको. तरी हाताने भागाकार म्हणजे कहरच.

प्रश्नकर्ता: ३११ ने कागदावर भागून बघितलं, बाकी ३५. एवढ्यातच दमलो 😅