अनुभव धागा: छोटा क्लब, रिकामी तिजोरी आणि तुम्ही उचललेला खेळाडू

पाचपाखाडीचा लेफ्ट बॅक

फुटबॉल मॅनेजर, म्हणजे ज्यात आपण क्लब चालवतो तो कॉम्प्युटर गेम. त्याचा एफएम २५ रद्द झाला तेव्हापासून मी २४ मध्येच मुक्काम ठोकलाय. या पावसाळ्यात नॅशनल लीग नॉर्थमधला, म्हणजे इंग्लंडच्या सहाव्या पायरीवरचा एक अर्धवेळ क्लब घेतला. ट्रान्सफर बजेट शून्य. खेळाडू हेरणारा स्काउट एकच, आणि खेळाडूची पुढची झेप ओळखण्यात त्याला वीसपैकी सात. या महाशयांनी पहिल्याच महिन्यात एका स्ट्रायकरला चार तारे दिले आणि मी हुरळलो. तारे आपल्याच संघाशी तुलना करून पडतात, हे साफ विसरलो होतो. आमचे बाकीचे स्ट्रायकर असे की त्यांच्या शेजारी गोलपोस्टलाही तीन तारे मिळाले असते. बावीस सामने, दोन गोल.

मग रिपोर्ट बाजूला ठेवला आणि करार संपलेल्या, तिशी उलटलेल्या लोकांना सरसकट ट्रायलला बोलवायला लागलो. ट्रायलला माणूस आला की काही दिवसांत त्याचे झाकलेले आकडे उघडे पडतात, स्काउटचा खर्च नाही. असाच एक ३४ वर्षांचा सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू मिळाला. वेग ६, पण पोझिशनिंग १३ आणि हेडिंग १४. आठवड्याला ३०० पौंड. त्याच्या जिवावर सातवे आलो, म्हणजे बढतीसाठीच्या प्लेऑफमध्ये शेवटून घुसलो.

तुम्ही कोणाला उचललंत? कुठे सापडला? एमबापेसारख्या महागड्या स्टारच्या गोष्टी नकोत. फसलेले सौदे आधी सांगा.

कळव्याचे काका

आमच्या वेळी याचं नाव चॅम्पियनशिप मॅनेजर होतं. ०१/०२ ची आवृत्ती. चौघा मित्रांत एक कॉम्प्युटर, तोही ज्याच्या घरी होता त्याच्या वडिलांची रात्रपाळी असेल तेव्हाच. मी ‘बरी’ नावाचा इंग्लिश क्लब घेतला. कारण उघड आहे, बायचुंग भूटिया १९९९ मध्ये बरीला गेला होता. इंग्लंडच्या तिसऱ्या पायरीवर आपला माणूस खेळतोय, यापुढे मँचेस्टर युनायटेड वगैरे आम्हाला फिकंच.

त्या गेममध्ये पोर्तुगालच्या गोवेया नावाच्या चिमुकल्या क्लबात टो मादेरा नावाचा स्ट्रायकर होता. मित्राने कुठूनतरी नाव आणलं. घेतला, आणि गोलांचा नुसता धो धो पाऊस. बऱ्याच वर्षांनी कळलं की असा खेळाडू अस्तित्वातच नव्हता. तिकडची माहिती गोळा करणाऱ्यानेच तो घुसडला होता. मला फसवल्यासारखं अजिबात वाटलं नाही. त्या माणसाचा हेवा वाटला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या घोळापायी बरीला खऱ्या लीगमधून काढून टाकलं. त्या हिवाळ्यात मुलाने एफएम २० आणला तेव्हा मी आधी लीगच्या याद्या उघडल्या. बरी नव्हता. मुलगा म्हणाला, "बाबा, दुसरा क्लब घ्या ना." त्याला काय सांगणार.

ऐरोलीची भरतीवाली

काकांचं वाचून गलबललं, पण मी धंद्याचं बोलते. माझं पोटच माणसं भरण्यावर चालतं, एचआरमध्ये आहे. त्यामुळे स्काउटिंगपेक्षा करारात जास्त रमते. आणि तिथेच आपटले.

दुसऱ्या सीझनला एक चांगला गोलकीपर पगारावर अडून बसला. त्याचा एजंट म्हणाला, पगार कमी चालेल, पण संघात सर्वाधिक पगार असेल त्याच्या बरोबरीने मिळेल असं कलम टाका. तेव्हा आमचा सर्वाधिक पगार ५०० पौंड. म्हटलं, टाका. वर्षभराने क्लबला वरच्या लीगमध्ये बढती मिळाली, मी एक मिडफिल्डर १,४०० ला आणला आणि त्याच आठवड्यात गोलकीपरही १,४०० वर! त्यात सगळ्यांच्या करारात बढतीनंतरची पगारवाढ मीच उदारपणे लिहून ठेवलेली. पगाराचं बजेट लाल. ऑफिसात असं केलं असतं तर मलाच नोटीस पीरियडवर बसवलं असतं.

दुसरी ठेच. करार संपायला सहा महिने उरले की परदेशी क्लब खेळाडूशी परस्पर ठरवू शकतो. करार संपलेल्या खेळाडूला मोकळं करणाऱ्या १९९५ च्या बोसमन निकालाची कृपा. स्कॉटलंडही यात परदेशच धरलं जातं, हे मला जानेवारीत कळलं. माझा कॅप्टन फुकट गेला.

उट्टं कसं काढलं तेही सांगते. आयर्लंडची लीग फेब्रुवारीच्या सुमाराला सुरू होऊन नोव्हेंबरपर्यंत संपते. तिथले बरेच करार तेव्हाच सुटतात. म्हणजे आपल्याला ऐन हिवाळ्यात पोरं जायबंदी झालेली असताना तिकडे सरावात असलेले खेळाडू मोकळे! ब्रेक्झिटनंतर इतर युरोपियनांना वर्क परमिटच्या गुणांची चाळणी लागली, आयरिश नागरिकाला ती नाही. डिसेंबरमध्ये मी दुसरीकडे बघतच नाही. आतापर्यंत सहा आणले, पाच चालले. सहाव्याबद्दल नंतर कधीतरी.

खारघर एक्सप्रेस

लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबांकडून उसने, आठ जण आणले. मॅचच्या दिवशी संघात पाचच चालतात. उरलेले तीन आख्खा सीझन बाकावरसुद्धा बसले नाहीत आणि त्यांच्या मूळ क्लबांनी मला पुन्हा कधी पोरं दिली नाहीत. एवढंच.

नेरुळ पूर्व

माझी गोष्ट घराजवळून सुरू होते. २५ ऑक्टोबर २०१७, डी. वाय. पाटील स्टेडियम, १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपची सेमीफायनल, स्पेन विरुद्ध माली. स्पेन ३-१ ने जिंकलं. आबेल रुइझचे दोन, फेरान तोरेसचा एक. सगळे स्पेनवर फिदा, मी मात्र मालीच्या पोरांकडे बघत बसलो. त्यांचा एकमेव गोल लासाना एनजायेचा. परत येताना जुईनगरपर्यंत चालत आलो, डोक्यात तेच.

पुढच्या वर्षीच्या गेममध्ये माझा क्लब इंग्लंडच्या चौथ्या पायरीवर. एनजाये तोवर सीएसकेए मॉस्कोत, म्हणजे आवाक्याबाहेर. त्या संघातल्या इतरांची नावं हुडकत बसलो. एकाशी बोलणी जमली, पगार जमला, सही होणार तेवढ्यात वर्क परमिट नाकारलं. तीन वेळा अर्ज केला. आता छोटा क्लब घेतो तो बेल्जियममध्ये. आफ्रिकेतल्या पोरांना तिथे पगाराची किमान अट असते, पण निदान दार तरी उघडं असतं.

घोडबंदरचा कोच

रविवारी टर्फवर तेरा वर्षांखालची पोरं शिकवतो, म्हणून आधी एक तक्रार. आपण सगळे वेगाला भुलतो. टर्फवरचे पालकही भुलतात, "सर, आमचा केवढा पळतो बघा!" मीही गेममध्ये वेग १७ चा विंगर घेतला. स्काउटने खाली स्पष्ट लिहिलं होतं, सातत्य नाही, दुखापतींकडे कल आहे. हे दोन्ही गुण आकड्यांत दिसत नाहीत, रिपोर्टच्या वाक्यांतच डोकावतात, आणि वाक्यं कोण वाचतो? सप्टेंबरमध्ये मांडीमागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, जानेवारीत पुन्हा हॅमस्ट्रिंग, एप्रिलमध्ये घोटा. त्याच्या जागी नाइलाजाने जो खेळवला त्याचा वेग ११, जिद्द १८. आज क्लबच्या भिंतीवर त्याचा फोटो आहे. म्हणजे असता, गेममध्ये भिंत असती तर.

पाचपाखाडीचा लेफ्ट बॅक

भरतीवाल्या ताई, ते सर्वाधिक पगाराचं कलम माझ्याही दोन करारांत आहे, आत्ताच बघून आलो. घाम फुटला. आयर्लंडची युक्ती या डिसेंबरात करून बघतो, पण तो सहावा कोण ते सांगाच.

काका, बरी आता पुन्हा उभा राहून खालच्या पायऱ्यांवर खेळतोय. मुलाला गेममध्ये खालच्या लीग वाढवणारी फाइल टाकायला सांगा, तिथे सापडेल.

आणि आमचे म्हातारबुवा सेंटर बॅक मे महिन्यात निवृत्त झाले. मी त्यांना स्काउट म्हणून ठेवून घेतलं. पहिल्याच रिपोर्टात त्यांनी एका स्ट्रायकरला चार तारे दिलेत. ट्रायलला बोलावलाय.